मँगोज, कलर आणि कापलेला एक गुण : इंग्रजी अनेकवचने व स्पेलिंगविषयी

ताई, आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण आर्णी तालुक्यातील शाळेत आठवीला इंग्रजी शिकवता. 'माय व्हिलेज' या निबंधात एका मुलीने 'मँगोज' हा शब्द नुसता एस लावून लिहिला आणि 'कलर' हा शब्द यू न घालता लिहिला. आपण दोन्हींखाली लाल रेघ ओढून एक गुण कापला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी मोबाइलवर दोन्ही रूपे बरोबर असल्याचे दाखवले. आता आपण विचारता की यात बरोबर कोण, आणि अनेकवचनाचा असा एखादा नियम आहे का, जो एकदा फळ्यावर लिहून दिला की असा प्रसंग पुन्हा येणार नाही. निबंधाच्या ज्या चार ओळी आपण उतरवून दिल्या आहेत, त्यांत 'वन ऑफ माय फ्रेंड हॅज अ बिग फार्म' असेही एक वाक्य आहे आणि त्याखाली मात्र रेघ नाही. त्याच्याकडे मी शेवटी येतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वाक्यात आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातच, खेड्यातील शाळेत, २६ वर्षे इंग्रजी शिकवत आहे. या अनुभवावरून सांगतो की आपल्यापुढे खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकात मिसळले आहेत. 'मँगोज'चा प्रश्न अनेकवचन लिहिण्याच्या रीतीचा आहे आणि त्यात इंग्लंड-अमेरिका असा वाद जवळजवळ नाही. 'कलर'चा प्रश्न देशपरत्वे बदलणाऱ्या स्पेलिंगचा आहे आणि त्याचा अनेकवचनाशी संबंध नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट शिक्षकाने ठरवायची असते : मुलाच्या वहीत दिसणारे रूप ही चूक आहे, की भाषेने मान्य केलेल्या दोन रूपांपैकी एक आहे. हे न ठरवता लाल शाई वापरली की मूल गोंधळते, आणि पुढे ते बरोबर असलेल्या गोष्टीही भीतभीत लिहू लागते.

आधी अनेकवचन घेऊ. नियम आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा बराच भरवशाचा आहे. फक्त तो अक्षरांचा नसून आवाजाचा आहे. आपली पुस्तके 'एस, डबल एस, एसएच, सीएच, एक्स, झेड यांनंतर ई-एस लावा' अशी यादी देतात आणि मुले ती पाढ्यासारखी म्हणतात. मी यादी देत नाही. मी मुलांना 'बेंच' म्हणायला सांगतो आणि त्याला लागूनच, मध्ये काहीही न आणता, 'स' म्हणायला सांगतो. सगळ्या वर्गाची जीभ अडकते. मग मी सांगतो की इंग्रजांची जीभही तिथेच अडकली, म्हणून त्यांनी मध्ये एक छोटा स्वर घातला आणि 'बेंचेस' झाले. बस, बॉक्स, ब्रश, क्विझ या सगळ्यांचे असेच आहे. शेवटचा आवाज सीत्कारयुक्त, म्हणजे स, श, च यांच्यासारखा सुसकारा देणारा, असेल तर ई-एस, नसेल तर नुसता एस. हे कळले की 'स्टमक' हा शब्द सीएच वर संपत असूनही नुसता एस का घेतो, ते वेगळे सांगावे लागत नाही. तिथे लिहिण्यात सीएच असले तरी कानाला 'क' ऐकू येतो. तोच एस 'कॅट्स'मध्ये 'स' वाजतो आणि 'डॉग्ज'मध्ये 'आवाज' या शब्दातल्या 'ज'सारखा वाजतो, हेही मुलांना गळ्यावर बोट ठेवून जाणवते. मराठीत आपण या शब्दांच्या शेवटी स आणि ज असे वेगळे लिहितो, कारण देवनागरी आवाज लिहिते. इंग्रजीने मात्र दोन्हीकडे एकच एस ठेवला.

वाय वर संपणाऱ्या शब्दांचा नियम सोपा आहे आणि त्यात अपवाद नगण्य आहेत. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जातो आणि आय-ई-एस येते, जसे सिटी, स्टोरी, फॅमिली. आधी स्वर असेल तर वाय जागेवर राहतो, जसे बॉय, डे, मंकी. यावर एक तास पुरे होतो.

खरी अडचण ओ आणि एफ वर संपणाऱ्या शब्दांची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असतो. अशाच एका दुपारी मागच्या बाकावरच्या एका मुलाने मला विचारले होते, "सर, पोटॅटोले ई लागते, मंग फोटोले काऊन नाही लागत?" हा प्रश्न अगदी नेमका आहे आणि 'अपवाद आहे, पाठ कर' असे म्हणून तो झटकून टाकणे अन्यायाचे आहे. 'फोटो' हा मूळ शब्दच नव्हे. तो 'फोटोग्राफ'चा तोडलेला तुकडा आहे. 'किलो' हा 'किलोग्रॅम'चा आणि 'ऑटो' हा 'ऑटोरिक्षा'चा. असे तोडलेले शब्द नुसता एस घेतात. ओच्या आधी स्वर असेल तर तिथेही नुसता एस येतो : रेडिओ, व्हिडिओ, स्टुडिओ. इटालियनमधून आलेले 'पियानो'सारखे संगीतातले शब्दही एसवर भागवतात. पोटॅटो, टोमॅटो, हिरो, एको हे शब्द मात्र ई-एसच घेतात. आठवीच्या मुलाला लागणारे असे शब्द पाच-सहाच्या वर नाहीत. तेवढे पाठ करून घ्यावेत.

आता आपल्या 'मँगोज'कडे. ओ वर संपणाऱ्या शब्दांत एक तिसरा गट आहे, ज्यात दोन्ही रूपे कोशांनी मान्य केली आहेत : मँगो, मॉस्किटो, व्होल्केनो, कार्गो, झिरो, बफेलो. बफेलोला तर तीन रूपे चालतात. एस लावून, ई-एस लावून आणि काहीही न लावता. 'मँगो' हा शब्द आपल्याच देशाच्या दक्षिणेतून, तमिळ-मल्याळममधील 'मांगा' या शब्दावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. आपल्याकडच्या पुस्तकांत तो बहुधा ई-एस लावलेला दिसतो, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ते रूप सवयीचे आहे. पण नुसत्या एसचे रूप चूक नाही. हा अर्धा गुण त्या मुलीचा आहे, ताई.

एफ वर संपणाऱ्या शब्दांबाबत मी थोडा इतिहास सांगतो, कारण मुले तो आवडीने ऐकतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाइफ, वुल्फ, लोफ, थीफ या शब्दांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययात स्वर होता. त्या स्वरामुळे 'फ'चा उच्चार 'व' होत असे. पुढे स्वर बोलण्यातून गेला, पण 'व' राहिला, म्हणून 'नाइव्ज', 'वुल्व्ज'. याउलट 'चीफ' आणि 'प्रूफ' हे फ्रेंचमधून नंतर आलेले शब्द आहेत. ते त्या बदलातून गेलेच नाहीत, म्हणून त्यांना नुसता एस लागतो. 'रूफ' मात्र जुना असूनही सरळ मार्गाला लागला. 'स्कार्फ', 'हूफ' यांची दोन्ही रूपे चालतात. आमच्या वर्गात उदाहरणे घेताना मी वासरांसाठी 'काव्ज' आणि ज्वारीच्या पेंढ्यांसाठी 'शीव्ज' घेतो, कारण या दोन्ही गोष्टी मुलांच्या अंगणात असतात आणि शब्द त्यांना चिकटून लक्षात राहतो.

जुन्या भाषेचे असे आणखी काही अवशेष शिल्लक आहेत. एन लावून अनेकवचन करण्याची रीत एके काळी पुष्कळ शब्दांना लागू होती. 'आय' म्हणजे डोळा, त्याचे 'आयेन' होत असे. आज रोजच्या वापरात ती रीत 'ऑक्सेन' आणि 'चिल्ड्रेन' यांच्यातच उरली आहे. 'चिल्ड्रेन' तर दुहेरी अनेकवचन आहे : 'चिल्डर' हे आधीच अनेकवचन होते, त्यावर लोकांनी आणखी एन लावला. म्हणूनच 'चिल्ड्रेन'ला पुन्हा एस लावणारे मूल मुद्दाम चुकत नसते. अनेकवचनाची खूण त्याला त्या शब्दात दिसत नाही, म्हणून ते माहीत असलेली खूण लावते. 'फूट-फीट', 'माउस-माइस' यांत आतला स्वर बदलतो, तेव्हा मी फळ्यावर 'फूल-फुले' आणि 'म्हैस-म्हशी' लिहितो. कारणे वेगळी आहेत, पण अनेकवचन करताना शब्दाच्या पोटातला स्वर हलतो, ही गोष्ट आपल्या भाषेलाही परकी नाही, एवढे मुलांना पटते. 'शीप' दोन्ही वचनांत सारखा का, असे विचारले तर मी 'एक बैल, दोन बैल' लिहितो. आणि इंग्रजीत नियम नाहीत अशी तक्रार आली की 'वाट'चे 'वाटा' आणि 'भिंत'चे 'भिंती' का होते, हे विचारतो. नियम कोणालाच सांगता येत नाही, पण चुकत कोणी नाही, कारण ते शब्द कानावरून गेलेले आहेत. इंग्रजी शब्दही कानावरून जावे लागतात. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे खरी, पण घरी ती ऐकू येत नाही, म्हणून वर्गात मोठ्याने वाचन करून घेण्याला दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

लॅटिन आणि ग्रीकमधून आलेल्या शब्दांचे सविस्तर शिक्षण आठवीला लागत नाही. एकच उदाहरण पुरते. कृषी विभागाच्या इंग्रजी पत्रकात बोंडअळीसाठी 'लार्वा' आणि 'लार्वी' असे दोन शब्द दिसतात. पहिला एका अळीसाठी आहे आणि दुसरा, ए-ई वर संपणारा, अनेक अळ्यांसाठी. 'बॅक्टेरिया' हेही अनेकवचन आहे आणि एकवचन 'बॅक्टेरियम'. 'फॉर्म्युला'ला मात्र एस लावला तरी चालतो आणि ए-ई लावले तरी चालते.

आता 'कलर'. हा शब्द यू घालून लिहिणे आणि न घालता लिहिणे, या दोन्ही रीती पूर्वी इंग्लंडमध्येच होत्या. १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश आला, त्यात यू होता आणि इंग्लंडमध्ये तेच रूप स्थिरावले. अमेरिकेत नोआ वेब्स्टर नावाच्या शिक्षकाने आधी १७८३ मध्ये मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक काढले आणि १८२८ मध्ये मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यांना वाटे की नव्या देशाचे लेखन सोपे आणि स्वतःचे असावे. 'कलर', 'ऑनर'मधला यू त्यांनी काढला, 'सेंटर'मधील शेवटचे आर-ई उलटवून ई-आर केले आणि 'डिफेन्स'मध्ये सीच्या जागी एस घातला. 'विमेन' हा शब्द उच्चाराप्रमाणे डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन असा लिहावा, असेही त्यांनी सुचवले होते, पण ते लोकांनी स्वीकारले नाही. म्हणजे अमेरिकन स्पेलिंग हा आळस किंवा मोबाइलने लावलेली सवय नव्हे; ती जाणीवपूर्वक केलेली सुधारणा आहे.

मराठीत हे आपण अनुभवले आहे. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असे लिहिलेले असे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले. आज 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. एका टिंबाने वचन बदलते. आजोबा अशुद्ध लिहीत नव्हते आणि आपणही लिहीत नाही. पण एकाच पत्रात कुठे 'नाहीं' आणि कुठे 'नाही' लिहिले, तर वाचणारा अडखळेल. इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत मी हीच कसोटी लावतो.

आपल्याकडे कोणती रीत धरावी, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. भारतातील शासकीय इंग्रजी आणि आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश रीतीने चालतात, म्हणून शाळेत मी तीच शिकवतो. बँकेचा 'चेक' क्यू-यू-ई वर संपतो, 'टायर' टी-वाय-आर-ई असा लिहितात, 'प्लाऊ' म्हणजे नांगर, त्यात जी-एच असतो. विद्यार्थी पुढे अमेरिकन कंपनीत काम करणार असेल तर तो तिथली रीत उचलेल, त्यात काही अवघड नाही. मोबाइल किंवा संगणक पुष्कळदा अमेरिकन इंग्रजीवर लावलेला असतो, म्हणून तो यू घातलेल्या 'कलर'खाली लाल रेघ दाखवतो. भाषेच्या सेटिंगमध्ये भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी निवडले की ती रेघ जाते. त्या मुलीच्या वडिलांना हे आपण जरूर दाखवा. त्यांनी मुलीच्या वहीत एवढे लक्ष घातले, ही मोठी गोष्ट आहे.

ब्रिटिश रीतीतही काही ठिकाणी बारकाईने पाहावे लागते, आणि तिथे शिक्षकच फसतात. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्डावर शेवटी सी-ई असते, कारण ते नाम आहे. परवाना देणे या अर्थी क्रियापद केले की ब्रिटिश रीतीत एस-ई येते. कापड मोजायचे 'मीटर' आर-ई वर संपते, पण घराच्या भिंतीवरचे विजेचे 'मीटर' इंग्लंडमध्येही ई-आर वरच संपते. शाळेच्या 'प्रोग्राम'ला शेवटी डबल एम-ई लागतात, संगणकाच्या 'प्रोग्राम'ला लागत नाहीत. 'ह्यूमर'मध्ये यू आहे, पण 'ह्यूमरस' लिहिताना तो ब्रिटिशही गाळतात. आणि 'रिअलाइज'सारख्या शब्दांत झेड दिसला की तो अमेरिकन म्हणून कापू नका. ऑक्सफर्डचे कोश स्वतः तिथे झेड देतात. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनच्या नावात 'लेबर'मध्ये यू आहे आणि 'ऑर्गनायझेशन'मध्ये झेड. विज्ञानाच्या तासाला 'सल्फर'वरूनही वाद होतो. १९९० पासून रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पी-एच ऐवजी एफ स्वीकारला आहे. गंधकाच्या पिशवीवर मुलांना दोन्ही रूपे दिसू शकतात आणि त्यांनी कोणतेही लिहिले तरी मी गुण कापत नाही.

देशाप्रमाणे अनेकवचनच बदलते अशा जागा मला शिकवताना फारच थोड्या लागल्या आहेत. गणिताला ब्रिटिश 'मॅथ्स' म्हणतात आणि अमेरिकन 'मॅथ'. पण 'मॅथ्स'मध्ये एस असूनही तो एकवचनीच आहे. क्रिकेटमध्ये एक डाव असला तरी 'वन इनिंग्ज' आणि दोन असले तरी 'टू इनिंग्ज'. एस नसलेले 'इनिंग' बेसबॉलचे आहे. संघाबद्दल बोलताना ब्रिटिश समालोचक 'इंडिया आर बॅटिंग' म्हणतात, अमेरिकन रीतीत तिथे 'इज' येते. मुले सामने ऐकतात, म्हणून हे त्यांच्या चटकन ध्यानात येते.

आता त्या वाक्याकडे येतो. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही खरी चूक आहे. ती इंग्लंडमध्येही चूक आहे आणि अमेरिकेतही. माझ्या पाहण्यात आपल्या भागातील मुलांची, आणि पुष्कळ शिक्षकांची, सर्वांत रुजलेली चूक हीच आहे. एकदा माझ्याच फळ्यावर ती आठवडाभर राहिली होती आणि ती दिसली तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण चाळीस मुलांनी ती वहीत उतरवून घेतली होती. मराठीत आपण 'माझा एक मित्र' म्हणतो. 'एक' शेजारी आला की 'मित्र' एकवचनी राहतो आणि हीच सवय इंग्रजीत उतरते. पण इंग्रजी वाक्याचा अर्थ 'माझ्या मित्रांपैकी एक' असा आहे. 'मित्रांपैकी' म्हणताना कोणीही 'मित्रापैकी' म्हणत नाही. ते टिंब इंग्रजीत एस होऊन येते, एवढे सांगितले की मुलांच्या डोळ्यांत समज दिसते.

याच जातीच्या आणखी चुका आपण शोधाव्यात. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'अॅडव्हाइस', 'होमवर्क', 'लगेज' यांना एस लागत नाही. 'केस' मराठीत अनेकवचनी आहेत म्हणून मुले 'माय हेअर्स आर ब्लॅक' लिहितात. तिथे 'हेअर'ही एकवचनी हवे आणि क्रियापद 'इज' हवे. 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना एस नाही, पण क्रियापद अनेकवचनी लागते. 'फाइव्ह रुपी नोट' यात रुपयाला एस नाही, जसे आपणही 'पाच रुपयाची नोट' म्हणतो. वजनाची खूण केजी आहे. ५० असले तरी तिला एस लावायचा नाही, बाजाराच्या पावतीवर कितीही वेळा दिसला तरी. दुकानाच्या पाटीवर अनेकवचनाच्या एसआधी अपॉस्ट्रॉफी दिसतो, तोही चूक आहे. तो मालकी दाखवतो, संख्या नाही.

त्या उत्तरपत्रिकेचे आता काय करावे, तर मी असे करीन. 'मँगोज'खालची रेघ मी स्वतः खोडीन आणि कापलेला गुण तिला वर्गासमोर परत देईन. 'कलर'च्या बाजूला पेन्सिलीने यू लिहून 'आपल्या पुस्तकात असे आहे, निबंधभर एकच रीत ठेव' एवढे सांगीन. तिने पुढे कुठे 'नेबर' यू घालून लिहिला असेल, तर तो शब्द आणि 'कलर' तिलाच शेजारी शेजारी ठेवून पाहायला लावीन. वार्षिक परीक्षा जवळ असेल तर पाठ्यपुस्तकातलेच रूप लिहायला सांगणे सुरक्षित आहे, कारण तपासणारा कोण असेल ते आपल्या हाती नसते. त्यानंतर 'वन ऑफ माय फ्रेंड'वर बोट ठेवून, गुण न कापता, तिला विचारीन की तुला मैत्रिणी किती आहेत, आणि तिने आकडा सांगितला की पेन तिच्याच हातात देऊन तो एस तिला लिहू देईन.